एपिक्टेटसचा दिवा आणि आमचा कार्पेट एरिया

एपिक्टेटसच्या घरी चोरी झाली ती एका दिव्याची. लोखंडी दिवा, घरातल्या देवांपाशी ठेवलेला. खिडकीशी खुडबुड ऐकू आली म्हणून लंगड्या पायाने धावत खाली आला, तर दिवा गायब. चोरालाही तो घ्यावासा वाटला असेल, त्यात काय एवढं, असं म्हणून त्याने उद्या मातीचा आणायचं ठरवलं. माणसाचं हरवतं ते त्याच्यापाशी असतं तेच, एवढी पुस्तीही जोडली. डोकं दुखतं म्हणून कुणी कुरकुरलं, तर हा विचारणार, शिंगं तर दुखत नाहीत ना?

हा स्टॉइक पंथाचा तत्त्वज्ञ गुलाम म्हणून जगाच्या बाजारात आला होता. जन्म आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिसचा, साधारण इ. स. ५०चा. रोममध्ये त्याचा धनी नीरोच्या दरबारात बडं प्रस्थ, आणि तो स्वतःही एकेकाळचा गुलामच. पुढे एपिक्टेटस मोकळा झाला, शिकवू लागला, आणि डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांना हाकलल्यावर ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर निकोपोलिसला जाऊन राहिला. स्वतः एक ओळ लिहिली नाही. एरियन नावाच्या विद्यार्थ्याने टिपणं काढली म्हणून दिव्याची गोष्ट आपल्यापर्यंत आली.

त्या मातीच्या दिव्याचं पुढे काय झालं तेही ठाऊक आहे. लुशियन नावाचा एक खवचट लेखक सांगतो, की एपिक्टेटस गेल्यावर त्याचा मातीचा दिवा कुणीतरी ३,००० द्राख्मांना विकत घेतला. रात्री त्याच्या उजेडात वाचलं की म्हाताऱ्याचं शहाणपण आपोआप अंगात शिरेल, असा त्या गिऱ्हाइकाचा हिशेब.

हे गिऱ्हाईक मला फार ओळखीचं वाटतं. आज ते मोबाइलवर असतं. संगमरवरी दाढीवाला पुतळा, मागे ढणढण संगीत, आणि पहाटे चारला उठा, गार पाण्याने अंघोळ करा, कुणालाही काही वाटू देऊ नका असा खर्जातला आवाज. मरणाची आठवण करून देणारं नाणंही मिळतं, खिशात ठेवायला, घरपोच. दिवा गेला तर उद्या मातीचा आणू म्हणणाऱ्या माणसाच्या नावावर एवढा माल खपतो, हे लुशियनला कळलं असतं तर त्याने आणखी एक पुस्तक लिहिलं असतं.

मी या स्टॉइक लोकांकडे वळले त्याला कारण आमच्या सोसायटीचा पुनर्विकास. हसू नका. ज्यांची इमारत पुनर्विकासाला गेली आहे ते हसणार नाहीतच.

डोंबिवली पूर्वेतली आमची इमारत १९८६ची. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, गच्चीवर गळती, पावसाळ्यात जिन्यात शेवाळ. घर ४६० चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा. हा आकडा पूर्वी कुणाला धड सांगता आला नसता. घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक चिंचोळी गॅलरी, एवढीच त्याची ओळख होती. आता मात्र लहान मुलांनासुद्धा दशांश चिन्हासकट पाठ आहे. बिल्डरने तीस टक्के वाढीव देऊ केले. म्हणजे १३८ चौरस फूट, पदरचा पैसा न घालता. वर लिफ्ट, पार्किंग, कॉर्पस फंड म्हणून एकरकमी पैसे आणि बांधकाम होईपर्यंत भाडं. पत्र वाचून दाखवलं त्या संध्याकाळी सेक्रेटरींनी पेढे वाटले.

आठवडाभराने बातमी आली की शेजारच्या सोसायटीला बेचाळीस टक्के मिळताहेत.

दुसऱ्या मजल्यावरचे काका कॅल्क्युलेटर घेऊनच जिन्यात उभे होते. "वहिनी, आपले पंचावन्न फूट बुडाले," ते म्हणाले. बुडाले! कधी नव्हतेच ते. १९८६ पासून आजवर त्या पंचावन्न फुटांवर कुणी पाय ठेवला नव्हता, त्यांच्यावरून कधी केर काढला गेला नव्हता. तरी काकांना झोप येईना. शिंगं दुखायला लागतात ती अशी.

ग्रूपवर तर कहर झाला. आपली कमिटी झोपली, बिल्डरने कुणाकुणाचे खिसे भरले, वकील बदला. पेढ्यांची आठवणही कुणाला राहिली नाही. आणि मी यातून वेगळी होते असं नाही. रात्री मीही नवऱ्याला विचारलं, की त्यांना कसे काय बेचाळीस? तो इंजिनियर नाही, पण रोज वर्तमानपत्रातल्या बिल्डर पुरवण्या चघळतो. म्हणाला, "त्यांच्यासमोर १८ मीटरचा रस्ता आहे, आपल्यासमोर ९. एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं ते, रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. आता तू रस्ता रुंद करणार आहेस का?"

आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, ही वाटणी म्हणजे एपिक्टेटसच्या शिकवणीचा पाया. त्याच्या विचारांची एक छोटी पुस्तिका एरियननेच संकलित केली, तिचं पहिलंच वाक्य तेच आहे. आपली मतं, आपल्या इच्छा, आपले नकार हातातले. शरीर, मालमत्ता, अब्रू, पद हातातलं नाही. रस्त्याची रुंदी त्याने यादीत घातलेली नाही, पण ती तिथेच बसते.

त्याच पुस्तिकेत पुढे एक प्रसंग आहे जो मी नवऱ्याला वाचून दाखवला. तुला कुणाच्या मेजवानीचं बोलावणं आलं नाही? ठीक. मेजवानीला किंमत असते. यजमानाची तारीफ करायची, त्याच्या दारात ताटकळायचं, तो बोलेल त्याला मान डोलवायची, ती त्याची किंमत. लेट्यूसचा गड्डा एका ओबोलला मिळतो. ज्याने ओबोल दिला त्याला गड्डा मिळाला, तू दिला नाहीस, तुझ्या मुठीत ओबोल आहे. मग तुझं गेलं काय? त्याच्याकडे पाला आहे, तुझ्याकडे नाणं.

हे मला फार पटलं, कारण यात शेजाऱ्याचा पाला सडका आहे असं म्हटलेलं नाही. आपल्याकडे मनाची समजूत घालायची रीत म्हणजे दुसऱ्याचं वाईट काढणं. त्यांच्या टॉवरला पाणी पुरणार नाही, त्यांचा बिल्डर मध्येच पळेल, बघालच तुम्ही. एपिक्टेटस नुसती किंमत विचारायला सांगतो. शेजारच्यांनी मागचं मोकळं अंगण दिलं, त्यातल्या आंब्यासकट, आणि बावीस मजले पत्करले. आमच्या वाट्याला सात मजले आहेत. अंगण आमच्याकडेही फारसं उरणार नाही, तो भाग सोडा. पण किंमत विचारली की निदान बुडाले हा शब्द तोंडातून निघत नाही.

काकांना हे सांगायला मी गेले नाही. का गेले नाही, ते पुढे येईलच.

मार्कस ऑरेलियस हा या मंडळींतला बादशहा. इ. स. १६१ ते १८० रोमच्या गादीवर. त्याच्या काळात साम्राज्यात साथ पसरली, उत्तरेच्या सीमेवर युद्ध पेटलं, आणि राज्यकारभाराच्या वर्षांतली बरीचशी डॅन्यूबकाठच्या छावण्यांत गेली. तिथे तो रात्री ग्रीक भाषेत स्वतःसाठी टिपणं लिहायचा. त्याला एपिक्टेटस वाचायला मिळाला तो रस्टिकस नावाच्या गुरूने आपली प्रत दिली म्हणून. गुलामाने सांगितलं, विद्यार्थ्याने टिपलं, गुरूने पुस्तक हातात ठेवलं आणि बादशहाने तंबूत बसून ते स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलं. रोमच्या इतिहासात गुलाम ते बादशहा असा निरोप क्वचितच गेला असेल.

त्याच्या टिपणांच्या सातव्या भागात जे आहे त्याचा भावार्थ असा: तुझ्याकडे नाही ते असल्यासारखं मनात घोळवत बसू नकोस. आहे त्यातलं उत्तम निवड आणि विचार कर, हे नसतं तर आपण त्यासाठी किती आसुसलो असतो. पण जपून, हे करता करता त्याची इतकी सवय लावून घेऊ नकोस की ते गेलं तर कोसळशील.

पहिल्या वाक्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका आले. दुसरं वाक्य करून बघायला एरवी मुद्दाम बसावं लागतं, डोळे मिटून कल्पना करावी लागते. आम्हाला मात्र पाडकामाच्या ठरावाने ते आयतंच करायला लावलं, कारण हे घर खरंच जाणार आहे.

तेव्हा मी घर बघू लागले. ओट्याचा काळा कडप्पा, गॅसच्या उजव्या हाताला. खलबत्ता कायम तिथेच ठेवून आलं-वेलची कुटली गेली म्हणून तिथे एक उथळ गोल खळगा पडला आहे. डोळ्यांना दिसत नाही. पुसताना फडकं तिथे किंचित अडतं आणि ओलावा उरतो, म्हणून कळतं. सासूबाई या घरात आल्या तेव्हापासूनची ती जागा. मग दार. पावसाळ्यात फुगतं. मूठ धरून जरासं वर उचलायचं आणि खांद्याने ढकलायचं, की कडी बसते. घरातल्या सगळ्यांच्या अंगात तो झटका इतका भिनलाय की मुलगी पुण्याला होस्टेलवर गेली तेव्हा तिथलं धडधाकट दारही उचलून ढकलायची; तिची रूममेट विचारायची, काय करतेस? पाहुण्यांना मात्र आमचं दार कधीच लावता आलेलं नाही. मी सुताराला कितीदा बोलावलं, रंधा मारून घेतला, तरी जुलैत पुन्हा तेच. त्या दाराला मी नेहमी शिव्याच घातल्या. आता कुणी ते काढून नेणार म्हटल्यावर मला त्याचं वजन हाताला आवडू लागलं.

मार्कसलाही असलं बघायचा नाद होता. तिसऱ्या भागात तो लिहितो, की पाव भाजताना त्याला चिरा पडतात. भटारखान्यातल्या माणसाच्या मनात नसताना पडतात, तरी त्या चिरांनीच खावंसं वाटतं. अंजीर पुरतं पिकलं की फुटतं. झाडावरून गळायच्या बेतात असलेल्या ऑलिव्हवर एक वेगळंच तेज येतं. लोंबणारी कणसं, रानडुकराच्या तोंडचा फेस. एवढ्या मोठ्या साम्राज्याचा धनी पावाच्या भेगांकडे बघत बसलेला मला आवडतो. संगमरवरी पुतळ्यांच्या व्हिडिओत हा मार्कस कधी येत नाही. पावाची चीर बघून कुणाचे स्नायू फुगत नाहीत ना.

तिसरं वाक्य अवघड. लळा लावून घ्या पण इतका नको. फॉस्टिना राणीला आणि मार्कसला चौदाच्या आसपास मुलं झाली आणि त्यातली निम्म्याहून अधिक बापाच्या डोळ्यांदेखत गेली. एपिक्टेटसचा एक सल्ला तो टिपून ठेवतो: मुलाचा पापा घेताना मनाशी म्हण, उद्या हा नसेलही. हे अभद्र आहे, असं तेव्हाही कुणी म्हणालं होतं. त्यावर उत्तर आहे की निसर्गात घडतं ते बोलण्यात अभद्र काही नाही, नाहीतर कणसं कापली जातात हे म्हणणंही अभद्र ठरेल.

हे उत्तर आमच्या घरात चालणार नाही. मी एकदा जेवताना नुसतं म्हणाले, की नवीन इमारत होईपर्यंत आपण सगळे धड असू की नाही कोण जाणे, तर सासूबाईंचा हात ताटावरच थांबला. "शुभ बोल नाऱ्या! संध्याकाळची वेळ आहे. वास्तू तथास्तु म्हणते." ज्या वास्तूला स्वतःच्याच पाडकामाचा ठराव मंजूर झालेला ऐकावा लागला, ती अजून तथास्तु म्हणायच्या मनःस्थितीत असेल का, हे मी विचारलं नाही. पण या बाबतीत मी निम्मी सासूबाईंच्या बाजूची आहे. पापा घेताना तसलं काही मनात आणायचं माझ्याने होणार नाही. ज्या बापाने इतकी मुलं पुरली त्याला ते वाक्य आधाराचं वाटलं असेल. ज्यांना तेवढं सोसावं लागलं नाही त्यांनी ते हौसेने घोकू नये. ओट्याच्या, दाराच्या, नोकरीच्या, तब्येतीच्या बाबतीत मात्र हा सराव चालतो आणि त्याने वस्तूंवरची धूळ उडते, हे मी बघते आहे.

या सगळ्यात सेनेका सर्वांत बदनाम, आणि मला सर्वांत जवळचा. कोर्दोबाचा, नीरोचा शिक्षक आणि पुढे मंत्री, शेवटी इ. स. ६५ मध्ये त्याच नीरोच्या हुकमाने मेलेला. गरिबीतल्या समाधानावर त्याने पानंच्या पानं लिहिली, आणि टॅसिटसच्या इतिहासात त्याच्यावरचा आरोप नोंदलेला आहे की हा तत्त्वज्ञ चार वर्षांच्या राजमैत्रीत तीस कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) कमावून बसला. लोक तेव्हापासून त्याला ढोंगी म्हणत आले आहेत.

पण त्याची पत्रं वाचा. लुसिलियस नावाच्या मित्राला उतारवयात लिहिलेली १२४ पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यातल्या एकात तो आपल्या मित्राबरोबर साधेपणाचा प्रयोग करायला निघाल्याचं सांगतो. मोजके नोकर, एका गाडीत मावेल एवढंच सामान, जमिनीवर गादी, जेवायला सुकी अंजिरं. खेचरांची चाल अशी की ती जिवंत आहेत हे चालण्यावरूनच कळावं, आणि गाडीवान अनवाणी, तेही उन्हाळ्यामुळे नव्हे. सगळं छान चाललंय. पण समोरून एखादा थाटाचा ताफा आला की आपण लाजेने लाल होतो, असं तो लिहून टाकतो. ही गाडी आपली आहे असं लोकांना वाटू नये, असं मनात येतं. भंगार गाडीची ज्याला लाज वाटते तो उंची गाडीचा तोराही मिरवणार, म्हणजे आपली प्रगती अजून फार नाही, अशी स्वतःचीच हजेरी घेतो.

सुक्या अंजिरांनी त्याचं काही बिघडलं नव्हतं, जमिनीवरच्या गादीनेही नाही. बिघडलं ते समोरच्या गाडीतल्या माणसाच्या नजरेने. आमच्या इमारतीतही कुणाला पंचावन्न फुटांत नक्की काय ठेवायचं आहे असं नाही. मी एकदोघांना विचारलंही. एक म्हणाले, "ठेवायचं काही नाही हो, पण मेहुणा शेजारच्या सोसायटीत आहे." एवढं प्रामाणिक उत्तर मला कमिटीच्या कुठल्याच सभेत मिळालं नव्हतं.

या पंथाच्या मूळ पुरुषावर पहिला उपचार झाला तोही याच दुखण्यावर. झेनो हा सायप्रसचा व्यापारी. जहाज फुटलं, माल बुडाला, हा अथेन्सला लागला आणि क्रेटीस नावाच्या अवलियाचा चेला झाला. चेला लाजाळू फार. म्हणून क्रेटीसने त्याच्या हातात मसुराच्या आमटीचं मडकं दिलं आणि भर वस्तीतून घेऊन जायला सांगितलं. झेनो मडकं झाकायला बघतो आहे असं दिसताच गुरूने काठी मारून ते फोडलं. पायांवरून आमटी ओघळतेय आणि हा पळत सुटलाय, आणि मागून क्रेटीस ओरडतोय, अरे पळतोस काय, तुला काही भयंकर झालेलं नाही! पुढे झेनो अथेन्सच्या बाजारचौकातल्या चित्रांच्या ओसरीत शिकवू लागला, इ. स. पू. ३००च्या सुमारास. त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी सेनेका खेचराच्या गाडीत लाजतोच आहे. तेव्हा या दुखण्याला घाईने उतार पडत नाही असं दिसतं.

गरिबीचा सराव करा, हाही सल्ला सेनेकाचाच. रोममध्ये सणाची धामधूम चालू असताना तीन-चार दिवस शिळंपाकं खायचं, जाडंभरडं नेसायचं आणि स्वतःला विचारायचं, हेच का ते, ज्याची मला भीती वाटत होती? एखाद्या श्रीमंताचा छंद म्हणून हे सोडून दिलं असतं. पण लगेच पुढे तो म्हणतो, की यात तू काही मोठं करतो आहेस असं समजू नकोस, हजारो गुलाम आणि हजारो गरीब रोज हेच करतात. तुझं कौतुक इतकंच की तुझ्यावर कुणी सक्ती केली नाही.

सक्ती. इथे मला थांबावंसं वाटतं.

सासूबाई १९६०च्या दशकात मॅट्रिक झाल्या, गिरगावातल्या एका चाळीत. टेलिफोन खात्यात ऑपरेटरची नोकरी लागत होती, कागदही आला होता. सासरच्या मोठ्यांनी सांगितलं, काय कमी आहे तुला इथे? आहे त्यात समाधान मान. नोकरी राहिली. हे त्या मटार सोलता सोलता सांगतात, रागाने नाही. "मानलं की मग," एवढंच म्हणतात. मी त्यांना विचारलं, की सांगणाऱ्यांनी स्वतः कशात समाधान मानलं होतं? त्यांनी जरा आठवून पाहिलं. "मामंजींना सकाळचा पहिला चहा आणि सगळ्यांत मोठी खोली लागायची," म्हणाल्या आणि हसल्या.

आपल्याकडे समाधान हा शब्द असा बहुतेक वेळा वरून खाली येतो. सासरा सुनेला सांगतो, मालक नोकराला, थोरला भाऊ वाटणीच्या वेळी धाकट्याला. वर तुकोबांची साक्ष काढतात: ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असू द्यावे समाधान. ही ओळ दुसऱ्याला ऐकवणाऱ्यांना एक गोष्ट आठवत नाही. तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली ती आपल्या वाट्याची खतं, लोकांकडून येणं असलेल्या पैशांची. धाकट्या भावाचा वाटा त्याला काढून दिला, असं परंपरा सांगते. तूही बुडव, समाधान मान, असं त्याला म्हणाले नाहीत.

रोमन मंडळींचं मला बरं वाटतं ते याचसाठी. मार्कस स्वतःलाच बजावतो, सैनिकांना नाही. सेनेका मित्राला लिहितो आणि अधूनमधून आपलीच अब्रू काढतो. एपिक्टेटसपुढे बसलेली पोरं चांगल्या घरची, आपण होऊन समुद्र ओलांडून आलेली, उद्या हुद्द्यांवर बसणारी. तो गुलामांच्या वस्तीत जाऊन सुखाने राहा असं सांगत फिरला नाही. गुलामी चांगली, असंही म्हणाला नाही. गुलामगिरीवर त्यांनी उठाव केला नाही हे खरंच, आणि तो त्यांचा मोठा कमीपणा मला वाटतो. घरादाराची उलथापालथ सोसायला जे तत्त्वज्ञान इतकं समर्थ, ते दुसऱ्याच्या पायातली बेडी बघून इतकं शांत कसं राहिलं? त्यावर त्यांच्याकडे चांगलं उत्तर नाही.

काकांना लेट्यूसची गोष्ट सांगायला मी गेले नाही ती याचमुळे. त्यांचा मुलगा, सून, दोन नातवंडं आणि ते स्वतः ४६० फुटांत राहतात. माझ्या घरात तीन माणसं आहेत. मी कोण त्यांना सांगणार, की पंचावन्न फुटांवाचून काही अडत नाही?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडली तेव्हा एपिक्टेटसचंच एक वाक्य पायाशी घेतलं, की माणसांना घटना त्रास देत नाहीत, घटनांविषयीची त्यांची मतं देतात. मराठीत ही पद्धत कि. मो. फडके यांच्यामुळे पुष्कळांना माहीत झाली. तिथेही रुग्ण आपल्या पायांनी येतो, आपलं मत आपण तपासतो. दुसऱ्याचं तपासून देण्याचा परवाना कुणाला नसतो, नातेवाइकांना तर नाहीच.

आता कुणी म्हणेल, मग सगळं सोडून गप्प बसायचं? हा प्रश्न मला खरोखरच विचारला गेला, विशेष सर्वसाधारण सभेत, माइकवरून. कराराचा मसुदा आला होता. त्यात भाडं ३६ महिने असं लिहिलं होतं. मी उठून म्हणाले, की ३६ महिने नको, ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, मिळून ताबा हातात येईपर्यंत असं हवं, आणि बँक गॅरंटीशिवाय सही नको. मागून पहिल्या मजल्यावरचा एक तरुण मुलगा म्हणाला, "काकू, तुम्ही तर ते समाधानाचं वाचता ना? स्टॉइक?" सभेत हशा पिकला. मीही हसले.

त्याला उत्तर नंतर जिन्यात दिलं. या पंथात पैसा, घर, तब्येत यांना वाईट म्हटलेलं नाही. असलं तर बरं, मिळत असेल तर घ्यावं, अशा वस्तू त्या. फक्त आपलं बरंवाईट त्यांच्या खुंटीला टांगू नये. त्यांचा एक दाखला रोमन लेखक सिसेरोने नोंदवून ठेवला आहे, तिरंदाजाचा. नेम धरायचा, दोरी पूर्ण ताणायची, जे जमेल ते सगळं करायचं. बाण सुटल्यावर तो लागणं न लागणं तिरंदाजाचं नाही. ओसीचं कलम घालून घेणं म्हणजे दोरी ताणणं. पालिका ओसी कधी देईल ते तिचं ती जाणे. मुलगा म्हणाला, "म्हणजे भांडायचं, पण रात्री झोपायचं." मी म्हटलं, जमलं तर. झेनोपासून कुणालाच ते धड जमलेलं नाही.

कलम बदलून आलं. टक्के तीसचे बत्तीस झाले, त्यापुढे नाही. काकांनी सही केली, कुरकुरत का होईना. ज्यांचा मेहुणा शेजारच्या सोसायटीत आहे, त्या गृहस्थांनी त्याच्याकडे जेवायला जाणं सध्या बंद ठेवलंय असं कळलं.

मागच्या रविवारी आर्किटेक्ट नकाशा घेऊन घरी आला. सासूबाईंनी चष्मा लावला, स्वयंपाकघरावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मोरी कुठे दाखवली आहेस?" तो म्हणाला, "आजी, आता मोरी नसते. हे सिंक, आणि इथे बाहेर ड्राय बाल्कनी." त्या म्हणाल्या, "बरं, तिथे नळ दे. आणि खाली बसून पालेभाजी धुतली तर पाण्याचा उतार कुठल्या बाजूला, ते सांग." त्याला उताराचं सुचलेलं नव्हतं. त्याने पेन्सिलने बाण काढला, खोडला, दुसऱ्या बाजूने काढला. मागण्यांच्या यादीत ही आता सतरावी आहे, आणि पहिल्या मजल्यावरच्या वहिनींना कळल्यापासून त्यांनाही तसाच नळ हवाय, शिवाय पोटमाळा.